नव्वद सेकंदांचा पेपर

"अठ्ठावन्न!" चाचणीवाली मुलगी म्हणाली आणि तिने चक्क टाळी वाजवली. इस्पितळात टाळ्या वाजवायची पद्धत नसते, त्यामुळे ती एकुलती एक टाळी तिघांनाही जरा जास्तच झाली. "मागच्या वेळी चौतीस होते, बाई. चौतीसावरून अठ्ठावन्न! औषध लागू पडलं म्हणायचं." बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांचा नवरा बसला होता. तो हसला की त्याचे कान वर सरकतात, तसे ते सरकले. "औषध आहेच हो," तो म्हणाला, "पण मेहनतही आहे तिची." बाईंनी मान खाली घातली. कौतुकाने लाजल्या, असंच त्या दोघांना वाटलं असणार. सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या, शाळेच्या परीक्षा विभागाच्या प्रमुख, मागच्या बाकावरची चिठ्ठी फळ्याजवळून हेरतात म्हणून पोरांनी ज्यांचं नाव 'घार' ठेवलं होतं त्या बाई, आत्ता कुठे पाहावं ते न सुचून स्वतःच्या डाव्या मनगटाकडे पाहत होत्या. मनगटावर काही नव्हतं. साधं, शिरा दिसणारं, बावन्न वर्षांच्या बाईचं मनगट होतं.

टेबलावर तो कागद अजून तसाच होता. वरच्या बाजूला नऊ चिन्हं आणि प्रत्येकाच्या खाली एक आकडा. खाली त्याच चिन्हांच्या उलटसुलट रांगा, आणि प्रत्येक चिन्हाखाली रिकामा चौकोन. वर पाहायचं, आकडा शोधायचा, खाली येऊन लिहायचा, परत वर. नव्वद सेकंदांत जितके होतील तितके. पहिलीतल्या पोराला द्यावा असा पेपर, पण तो सोडवताना डोळे आणि मेंदू दोघंही उघडे पडतात. डोळे किती चटकन उडी मारतात, मारलेली उडी नेमकी जागेवर पडते की नाही, आणि पडल्यावर डोक्याला काय दिसलं ते कळायला किती वेळ लागतो, सगळं त्या चौकोनांतून कळतं. बाईंनी आज एकदाही वर पाहिलं नव्हतं. पालथा त्रिकोण चार, अर्धा चंद्र सात, काडीवर टिंब एक, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं. त्यांचे डोळे नुसते एका सरळ रेषेत, डावीकडून उजवीकडे, बोट धरून चालवावे तसे चालले होते, आणि हात भराभर लिहीत होता. अधेमधे त्या मुद्दाम थांबल्याही होत्या. फार सफाईदार दिसू नये म्हणून वर बघितल्यासारखी मान हलवली होती. हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. अस्सल कॉपी करणारं पोर उत्तर लिहिण्याआधी छताकडे बघून विचार करण्याचं सोंग करतं, आणि तिथेच ते सापडतं, असं त्याच तर नव्या शिक्षकांना दरवर्षी सांगत आल्या होत्या. कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे कुंपणाला खायचं कसं तेही आधीपासून पाठ होतं.

तीन वर्षांपूर्वी मेंदूच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा नवऱ्याने ते खिशातल्या वहीत लिहून घेतलं होतं. तो पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचा, त्यामुळे 'मल्टिपल स्क्लेरोसिस' हे दोन परके शब्दसुद्धा त्याने एखाद्या धरणाच्या नावासारखे ठळक, एकसारखे काढले. डॉक्टर म्हणाले, तारेवरचं प्लास्टिक जागोजागी झिजलं की दिवा लुकलुकतो, तसं समजा. डोळ्यांच्या बाबतीत ते असं झालं की डावीकडे पाहिलं की डावा डोळा पुढे जाऊन थरथरत राहायचा आणि उजवा मध्येच अडायचा, चालायला तयार नसलेल्या मुलासारखा. मग एका माणसाची दोन माणसं. शेजारी शेजारी, दोन्ही सारखीच खरी. सरळ पाहिलं की परत एक. बाईंनी मग डोळ्यांऐवजी अख्खी मान वळवायला सुरुवात केली. घारीची मान हल्ली फार फिरते, असं शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी म्हणालं आणि सगळ्यांबरोबर बाईही हसल्या. डोळ्यांचं एवढं तरी झाकता येत होतं. डोक्याचं काय करायचं? डोकंही तसंच मध्येच अडायचं. वर्गात उभं राहून 'छेद' हा शब्द हवा असायचा आणि तो यायचा नाही. खडू हातात, चाळीस तोंडं समोर, आणि तो शब्द दारामागे उभा असल्यासारखा, श्वास ऐकू येतो पण आत येत नाही. "खालचा आकडा," बाई म्हणायच्या आणि पुढे जायच्या. पोरांना ते सोपं करून सांगणं वाटायचं. सातवीच्या एका तुकडीला त्यांनी एकच प्रकरण दोनदा शिकवलं, आणि दुसऱ्यांदा संपेपर्यंत कुणीही बोललं नाही, कारण घारीला कोण सांगणार? पोरांच्या डोळ्यांतलं ते गप्प राहणं बाईंना पुढे कितीतरी दिवस आठवायचं. त्यांना वाटायचं, ओरडला असता कुणी तर बरं झालं असतं.

पण त्या नववीतल्या मुलीचं जे झालं त्यापुढे हे सगळं किरकोळ होतं. सहामाही परीक्षा, गणिताचाच पेपर, बाई दाराशी उभ्या. डाव्या हाताच्या तिसऱ्या बाकावर ती मुलगी, चष्मेवाली, वर्गात फारशी न बोलणारी. तिच्या बाकावर कोपऱ्यात ओळखपत्राचं पांढरं कार्ड ठेवलेलं होतं. बाईंनी डावीकडे पाहिलं आणि त्यांना कार्डाच्या शेजारी दुसरं पांढरं दिसलं. त्या तडक गेल्या. "ती दुसरी दे," त्या म्हणाल्या. "कोणती, बाई?" "ती दुसरी. कार्डाशेजारी होती ती." "बाई, एवढंच आहे." जवळून, समोरून पाहिलं तर खरंच एवढंच होतं. तिथेच थांबायला हवं होतं. पण सव्वीस वर्षांच्या सवयीला थांबता येत नाही, आणि मागे वळणं तर घारीच्या जातीत नव्हतंच. "कुठे टाकलीस?" बाईंचा आवाज चढला. मुलीला उभं केलं, बाकाचा खण उपसला, शिपाईणबाईंना बोलावून तिला बाजूच्या खोलीत नेऊन खिसे, मोजे, बूट सगळं तपासलं. वीस मिनिटं गेली. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं म्हणतात, पण इथे चोर मुळी नव्हताच. मुलगी परत येऊन बसली तेव्हा तिने पेन उचललं नाही. नुसती पेपरकडे बघत राहिली. बाई शिक्षकांच्या खोलीत गेल्या, खडूच्या खोक्याकडे डावीकडून पाहिलं: दोन खोकी. तळव्याने उजवा डोळा झाकला: एक. तळवा काढला: दोन. तीनदा करून पाहिलं. तेव्हा त्यांच्या अंगातून जे गेलं त्याला भीती म्हणता आलं असतं, पण ती भीती नव्हती. त्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि तरीही त्यांनी त्या मुलीला जाऊन काही सांगितलं नाही. काय सांगणार? मला तुझ्या बाकावर नसलेलं दिसलं? ते सांगितलं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. मुलीचे वडील येऊन गेले, हेडसरांनी त्यांची समजूत काढली आणि मग बाईंना बोलावून, शब्द फार जपून वापरत, म्हणाले, "वार्षिक परीक्षेआधी इस्पितळाचा एक दाखला आणा. डोळे आणि, म्हणजे, एकूणच. औपचारिकता हो बाई, दुसरं काही नाही." दाखला नाही तर परीक्षा विभाग नाही. परीक्षा विभाग नाही तर मग बाईंचं शाळेत उरलं काय? वर्ग तर त्यांच्या हातून आधीच सुटत चालला होता, आणि ते फक्त त्यांना माहीत होतं.

त्यानंतर आठ दिवसांनी चौतीस आले. त्या आधीच्या वर्षी छत्तीस होते. "दाखल्यासाठी पन्नासच्या वर हवेत," चाचणीवाली म्हणाली होती, "चार महिन्यांनी परत घेऊ, तोवर नवीन औषध चालू राहील." आणि तिला बाहेरून कुणी तरी हाक मारली म्हणून ती दोन मिनिटं बाहेर गेली. कागद टेबलावर. बाईंच्या लक्षात आलेलं होतं की मागच्या वर्षीही पालथा त्रिकोण चारच होता. पेपर तोच काढतात! प्रत्येक आळशी शिक्षक करतो तेच ही करते आहे, हे त्यांच्या अनुभवी मनाने आधी टिपलं आणि मग त्या मनाने पेन उचललं. मनगटाच्या आतल्या बाजूला, बाहीच्या काठाखाली. चिठ्ठी लपवायच्या सगळ्या जागा त्यांना माहीत होत्या, कंपासपेटीचं झाकण, पट्टीची मागची बाजू, बुटाचा तळ, आणि सगळ्यांत खात्रीची ही. नऊ चिन्हं, नऊ आकडे. हात कापत नव्हता, हेच त्यांना नंतर सगळ्यांत वाईट वाटलं. बाहेर नवरा बाकावर बसला होता. "काय म्हणाल्या?" त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "व्यायाम दिलाय. डोळ्यांचा आणि डोक्याचा. रोज करायचा." एका थापेला दुसरी थाप लागतेच, पण ही दुसरी थाप इतकी सहज, इतकी घरगुती होती की त्यांना ती थाप वाटलीच नाही. भाजी आणायला सांगावं तशी ती त्यांच्या तोंडून निघून गेली.

आणि नवरा त्या व्यायामाला लागला. लागला म्हणजे कसा? दुसऱ्याच दिवशी त्याने कचेरीतून येताना जाड कागद आणला, बाईंनी उतरवून दिलेली नऊ चिन्हं नकाशाच्या साच्यातून छापल्यासारखी काढली आणि रांगा वेगवेगळ्या करून, पेन्सिलीने लिहून पुन्हा खोडता येतील असे चाळीस कागद तयार केले. संध्याकाळी चहा झाला की टेबल पुसायचा, कागद ठेवायचा आणि शाळेच्या क्रीडास्पर्धेत वापरतात तसलं गळ्यात अडकवायचं घड्याळ घेऊन समोर बसायचा. ते घड्याळ त्याने कुठून पैदा केलं ते बाईंनी विचारलं नाही. "तयार? चला!" पहिल्या दिवशी एकोणतीस. पंधरा दिवसांनी अडतीस. त्याने कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आलेख काढला, तोही निळ्या शाईने, खाली तारखा घालून. रेघ वर चढत गेली तसा तोही चढत गेला. तीन वर्षांत पहिल्यांदा तो दाढी करताना शीळ घालायला लागला. त्याच्या मोठ्या भावाला फोन करून म्हणाला, "दादा, ही पंचेचाळीसला पोचली," जणू ती डोंगर चढत होती. इमारतीत लिफ्ट नव्हती आणि ते तिसऱ्या मजल्यावर राहायचे, म्हणून त्याने वर्षभर खटपट करून तळमजल्यावरच्या एका जागेशी अदलाबदल ठरवत आणली होती. तिसऱ्या महिन्यात त्याने त्या माणसाला नाही म्हणून कळवून टाकलं. "आता काय गरज आहे? खिडकीतला उजेड गेला असता उगीच." बाई त्या वेळी जिना चढून आल्या होत्या आणि दाराच्या कडीला धरून उभ्या होत्या, कारण शेवटच्या वळणावर त्यांना पायऱ्या दुप्पट दिसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "हो, खरंच. उजेड छान आहे आपल्याकडे." त्या रोज ठरवायच्या की आज सांगू. मग तो टेबल पुसायला लागायचा, आणि टेबल पुसताना त्याचा चेहरा असा असायचा की त्यांच्याने बोलवायचं नाही. कधी कधी तर, आणि हे त्या स्वतःलाही हळूच सांगायच्या, त्यांना ते खरंच वाटायचं. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. आकडा खोटं कसं बोलेल? गणिताच्या बाईंना एवढा तरी विश्वास ठेवायला काय हरकत होती?

"तुम्ही पंधरा मिनिटं बाहेर बसा, मी दाखला टाइप करते," चाचणीवाली म्हणत होती, आणि तिचा आवाज बाईंपर्यंत जरा उशिराच पोचला. "आणि बाई, एक विनंती. बाहेर एक ड्रायव्हर बसलेत. त्यांना याच आजाराचं नुकतंच कळलंय. अगदी हबकलेत हो. औषध सुरू करायलाही तयार नाहीत. तुम्ही दोन शब्द बोललात तर फार बरं होईल. तुमच्यासारखं उदाहरण समोर असलं की माणसाला धीर येतो." बाई उदाहरण झाल्या. फळ्यावर घालून द्यायचं, सोडवून दाखवायचं, पोरांनी वहीत उतरवून घ्यायचं उदाहरण. त्या नवऱ्यापाठोपाठ बाहेर गेल्या तेव्हा त्यांनी दाराची चौकट नीट दिसावी म्हणून सगळी मान वळवली आणि तरीही खांदा आपटला.

ड्रायव्हर पस्तिशीचा असेल. शहरबस चालवायचा. गणवेशाचा शर्ट घालून आला होता, वरचं बटणसुद्धा लावलेलं, म्हणजे आपण अजून कामावर आहोत असं निदान शर्टाला तरी वाटावं. नवऱ्याने त्याच्याशेजारी बसून पाठीवर हात ठेवला. "घाबरू नका. ही बघा. चौतीसचे अठ्ठावन्न केले हिने." ड्रायव्हरने बाईंकडे पाहिलं. त्या नजरेत एवढी आशा होती की बाईंना ती पाहवेना. "खरं का, बाई?" बाई म्हणाल्या, "तुम्हाला कधीपासून त्रास होतोय?" उत्तर टाळायचं तर प्रश्न विचारावा, ही शिक्षकांची जुनी युक्ती. ड्रायव्हर बोलायलाच टपला होता. सात महिने झाले म्हणाला. डेपोत कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात थांब्यावर बस लावताना खांबाला घासली, तेव्हा साहेबांनी तपासणीला पाठवलं. "डाव्या आरशात सायकलवाला एक असला की दोन दिसतात. पण आता सवय झालीय, बाई. बाहेरच्या बाजूचा असतो ना, तो खोटा. आतला खरा. ते बरोबर कळतं." "कायम?" बाईंनी विचारलं. तो हसला. "कायम म्हणजे, बहुतेक वेळा. दाखला मिळाला की झालं. घरी आई आहे, दोघी पोरी आहेत. बस गेली तर मला दुसरं काय येतं?"

नवऱ्याने तोवर पिशवीची चेन उघडली होती. बाईंना ते दिसलं, पण त्याचा अर्थ त्यांच्यापर्यंत यायला वेळ लागला. हल्ली सगळ्यालाच लागायचा. जाड कागद, साच्यातून काढलेली चिन्हं, चार महिन्यांच्या हाताळण्याने कोपरे मऊ झालेले. "हे घ्या," नवरा म्हणाला. "आम्हाला इथूनच सांगितलेला व्यायाम आहे. रोज एक कागद करायचा. आता आमचं काम झालं, तुम्हाला उपयोगी पडतील." त्याच्या आवाजात दातृत्वाचा आनंद होता. त्या कागदांवर त्याचा जीव होता, आणि ते तो देऊन टाकत होता. ड्रायव्हरने कागद मांडीवर घेतला आणि हुशार माणूस, लगेच वाचायला लागला. "पालथा त्रिकोण चार. चंद्र सात. आत हेच येतं का, बाई?" उत्तराची वाटही न पाहता तो पुढच्या चिन्हावर गेला. "काडीवर टिंब एक," तो पुटपुटला. "चौकटीत फुली नऊ. हे काय, अर्ध्या तासात पाठ होईल!" आणि त्याने डोळे मिटून म्हणून पाहिलं. पाच बरोबर आले. नवरा खूश होऊन म्हणाला, "वा! तुम्ही तर हिच्यापेक्षा भराभर शिकाल."

बाईंच्या डोळ्यांपुढे बस उभी राहिली. खरं म्हणजे दोन बसगाड्या. त्यांत बसलेली माणसं, आरशातला सायकलवाला, त्याची बाहेरची आणि आतली सावली. त्यांना बोलायचं होतं. हे सगळं खोटं आहे, ही उत्तरं आहेत, हा व्यायाम नव्हे. पण नेमका तेव्हाच शब्द अडला. 'उत्तरं' हा शब्द येईना. साधा शब्द, आयुष्यभर लाल शाईने ज्याच्याखाली बरोबर-चूक केलं, तो दारामागे उभा. बाईंचं तोंड उघडं राहिलं. ड्रायव्हर बघत होता, नवरा बघत होता. गप्प बसायची ही फार चांगली संधी होती. आजारी बाई, शब्द सापडला नाही, कुणी काय म्हणणार? बाईंनी ती संधी स्पष्ट ओळखली. मग त्यांनी ड्रायव्हरच्या मांडीवरचा कागद ओढून घेतला, इतक्या जोरात की तो फाटला, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द आला जो कधीच हरवणं शक्य नव्हतं.

"ही कॉपी आहे," त्या म्हणाल्या. "मी कॉपी केली."

आवाज वर्गातला होता, त्यामुळे सगळा व्हरांडा थबकला. चाचणीवाली दारात आली. "काय झालं, बाई?" बाई तिच्याकडे वळल्या, अख्खी मान वळवून. "तुमचा पेपर मी मागच्या वेळी उतरवून नेला. तुम्ही बाहेर गेलात तेव्हा, मनगटावर. चार महिने पाठ केला. यांना सांगितलं की व्यायाम आहे. यांना काही माहीत नाही." एवढं बोलताना त्या नवऱ्याकडे पाहत नव्हत्या. पाहायचं धाडस झालं नाही. ड्रायव्हर उठून उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तुम्ही झालात ना पास?" तो म्हणाला. "तुमचा दाखला निघाला, आणि आता मला शहाणपण शिकवता? तुम्ही केलंत ते चाललं, मी केलं तर नाही?" बाई म्हणाल्या, "माझाही दाखला नको. मी परत बसते. आत्ता." तो उभाच राहिला. चाचणीवालीचा चेहरा पडला होता. ती हळूच म्हणाली, "चूक माझीही आहे. दुसरा संच असतो. दर वेळी बदलायचा असतो. मी तोच काढत राहिले." बाईंना तिची कणव आली. तिशीचीही नव्हती पोर.

दुसरा संच खणाच्या तळाशी होता, अजून कागदी पट्टीत गुंडाळलेला. चिन्हं वेगळी, आकडे वेगळे. "सुरू करा." बाईंनी वर पाहिलं. चिन्ह सापडलं, त्याच्याखालचा आकडा पाच की आठ? खाली आल्या तर ओळ चुकली. परत वर. उजवा डोळा मागे, डावा थरथरतोय, वरची चिन्हं एकमेकांत सरकलेली. बाईंनी उजवा तळवा उचलून उघडपणे डोळ्यावर ठेवला आणि डाव्या हाताने, सवय नसलेल्या हाताने, लिहायला लागल्या. मग तेही जमेना, तेव्हा तळवा काढला. कुठे तरी मध्यात त्यांना आपण काय शोधतो आहोत तेच आठवेना, आणि त्या एका चौकोनासमोर नुसत्या बसल्या. सेकंद जात होते. त्या नववीतल्या मुलीसारख्या, फक्त यांच्या हातात पेन होतं. "थांबा," चाचणीवाली म्हणाली. तिने मोजलं, परत मोजलं. "सत्तावीस." मग समजावणीच्या स्वरात, "म्हणजे हे औषध पुरत नाहीये, बाई. दुसरं, जास्त कडक द्यावं लागेल, आणि हे चार महिने वायाच गेले. मी आजच डॉक्टरांशी बोलते." चार महिने! बाईंनी मान हलवली. परीक्षा विभाग गेला होता, आणि त्याचं वाईट वाटायला त्यांच्यापाशी या क्षणी जागा नव्हती. वाटेल उद्या. "आणि त्या ड्रायव्हरना मी आता हाच पेपर देऊ शकते ना?" चाचणीवालीने विचारलं, जणू बाईच वरिष्ठ होत्या. "हाच द्या," बाई म्हणाल्या. "आणि मध्ये बाहेर जाऊ नका."

ड्रायव्हर त्यांच्या अंगावरून आत गेला. त्याने बाईंकडे पाहिलं नाही. बाई दरवाजा लोटून बाहेर आल्या. व्हरांड्यात आता नवरा एकटाच होता. उरलेले एकोणचाळीस कागद त्याने गोळा करून, कोपरे जुळवून, बाकावर ठेवले होते, आणि फाटलेला एक वेगळा. बाईंची तयारी झाली होती. त्याने ओरडावं. माझ्याशी खोटं बोललीस म्हणावं, मला मूर्ख बनवलंस म्हणावं. या प्रत्येकावर त्यांच्यापाशी एक उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर खरं होतं. त्यांना तर वाटत होतं की तो ओरडेल तेव्हा थोडं हलकं वाटेल.

"किती?" त्याने विचारलं.

"सत्तावीस."

तो मनातल्या मनात काही तरी जुळवत होता, हे त्याच्या बोटांवरून कळत होतं. मग तो अगदी साध्या आवाजात, जसं घरात एखादी गोष्ट जागेवर सापडली नाही की विचारतो तसा म्हणाला, "म्हणजे तू बरी होत नव्हतीस."

ही गोष्ट इतक्या उघड्या शब्दांत बाईंनी आजवर मनातही म्हटली नव्हती. "नाही," त्या म्हणाल्या. "बरी होत नव्हते. पण तुम्हाला इतकं बरं वाटत होतं की मी..." आणि पुढचं वाक्य त्यांना बोलता आलं नाही. शब्द हरवला म्हणून नव्हे. या वेळी सगळे शब्द होते, एकूण एक, ओळीने उभे. लाज वाटत होती. नवऱ्याने कागदांचा गठ्ठा बाकावरून उचलून मांडीवर घेतला, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर बाई बसल्या.